पिन 22 ची की 28 ची? आमच्या छोट्या ट्रॅक्टरची अवजारं

30 एप्रिल 2025, अक्षय्य तृतीया. ट्रॅक्टर शेतावर आला, सासूबाईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. शेजारच्या शेतावरचे काका ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "गाडी तो आ गई बहूजी, पीछे क्या लगाओगे?"

मी आणि नवरा एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. डीलरने टॉप लिंक, हूक, बंपर आणि एक लाल छत्री दिली होती. छत्रीने नांगरणी होत नाही, एवढं मलाही कळत होतं.

आम्ही इंदूरचे, राजेंद्रनगरात राहतो. मी 26 वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त. खंडवा रोडला सिमरोलच्या आत सासूबाईंच्या नावावर सव्वा हेक्टर, म्हणजे इकडच्या हिशोबात पाच बिघे काळी जमीन आहे. मामंजी होते तोवर ते बघायचे, नंतर बटाईने दिली. दरवर्षी बटाईदाराचं रडगाणं ऐकण्यापेक्षा आपणच करून बघू, असं ठरलं आणि 24 एचपीचा, चारही चाकांना ताकद असलेला छोटा ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर निवडणं त्या मानाने सोपं गेलं. खरा घोळ अवजारांचा. मराठीत शोधलं की नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांची माहिती मिळते, हिंदीत शोधलं की पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरमागे सात फुटी रोटावेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार). माळव्यातली काळी माती, सोयाबीन-गहू-लसूण आणि छोटा ट्रॅक्टर असं एकत्र कुणी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे, चुकांसकट.

पहिली चूक जूनमध्ये. काकांकडे नऊ दात्यांचा कल्टिव्हेटर आहे, इकडे त्याला पंजा म्हणतात. "ले जाओ, मेरा तो खडा है," म्हणाले. 12 जूनला आम्ही ट्रॅक्टर मागे घेत घेत पंजापाशी नेला. मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या खालच्या दोन दांड्यांच्या टोकाला गोळ्या असतात, त्यांच्या भोकात अवजाराच्या पिना शिरतात. त्या शिरेचनात. नवऱ्याने हातोडी आणली. काका म्हणाले, ग्रीस लावा. ग्रीस लावलं. मग मी पर्समधली शिवणाची टेप काढून मोजलं. आमच्या दांडीचं भोक 22 मिलिमीटरच्या पिनेचं, पंजाची पिन 28 ची. शिवाय त्याच्या दोन पिनांमधलं अंतर इतकं, की आमच्या दांड्या ताणूनही पोचल्या नसत्या. हातोडी घालून काय उपयोग?

नंतर कळलं की यालाच कॅटेगरी म्हणतात. कॅटेगरी एकची खालची पिन 22 मिलिमीटर, वरच्या टॉप लिंकची 19. कॅटेगरी दोनची खालची 28, वरची 25. मोठे ट्रॅक्टर दोनचे, आमच्यासारखे छोटे एकचे, आणि एकातही एक अरुंद प्रकार असतो ज्यात दोन्ही दांड्या आणखी जवळ असतात. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं होतं. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत, सीलबंद, सीटच्या मागे. आधी ती पिशवी फोडा. गावातला लोहार "पिन घिस के पतली कर दूंगा" म्हणाला, तेव्हा मोह झाला होता. काकांचा पंजा घासून बारीक करायचा आणि त्यांनाच परत द्यायचा, हे काही बरं दिसलं नसतं.

पाऊस तोंडावर आलेला. घाईघाईत इंदूरला जाऊन पाच दात्यांचा, स्प्रिंगवाला पंजा 19,500 रुपयांना घेतला. स्प्रिंगवाला एवढ्यासाठी, की खाली दगड किंवा मूळ लागलं तर दाता मागे झुकून सुटतो, वाकत नाही. आमच्या बांधाकडे दगड आहेत. खोल आणि एकसारख्या मातीत साधे कडक दाते चालतात, स्वस्तही पडतात. दुकानदार सात दात्यांचा गळ्यात मारत होता. सात दाते काळ्या मातीत 24 एचपीला ओढवत नाहीत असं नाही, पण मग वरवर खरवडणं होतं. हा सौदा घाईत झाला तरी बरा झाला.

पेरणीला मात्र फजिती झाली. सीडड्रिल, म्हणजे पेरणीचं यंत्र, भाड्याने घ्यायचं ठरलेलं. गावात चार सीडड्रिलं आहेत, चारही मोठ्या ट्रॅक्टरांच्या मागे आणि चौघांचीही स्वतःची शेतं. काळ्या जमिनीला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की दोन-तीन दिवस मिळतात. त्याआधी चिखल, त्यानंतर ढेकळं. त्या दिवसांत ज्याचं सीडड्रिल तो आधी आपलं पेरणार, मग भावाचं, मग मेव्हण्याचं. आमचा नंबर आला तोवर पुन्हा पाऊस झाला. आजूबाजूची पेरणी 20 जूनच्या आसपास उरकली, आमची 28 ला झाली.

सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी देवापाशी वात लावताना म्हणाल्या, "तुझे मामंजी पेरणीची तिफण कुणाला देत नसत. नांगर मागायला आला तर घेऊन जा म्हणायचे."

मी त्या रात्री वहीत दोन रकाने केले. ज्या कामाला वाफसा थांबत नाही, ते अवजार घरचं. जे काम महिनाभरात कधीही चालतं, ते भाड्याचं. पुढची सगळी निवड या दोन रकान्यांतून झाली. पेरणी, कोळपणी (ओळींमधलं तण काढणं), रान तयार करणं डावीकडे. पलटी नांगराची खोल नांगरट उजवीकडे. ती उन्हाळ्यात, तीन-चार वर्षांतून एकदाच करायची आणि छोट्या ट्रॅक्टरने होण्यासारखीही नाही. मळणी, ट्रॉली उजवीकडे. फवारणीचा ट्रॅक्टरवरचा पंप मनात होता, पण 400 लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन 400 किलो होतं. आमची लिफ्ट 750 किलोची, तीही दांडीच्या टोकाला. वजन जितकं मागे जाईल तितकी तिची ताकद कमी. पाच बिघ्यांना पाठीवरचा पंप पुरे, म्हणून ते नाव खोडलं.

जुलैत दुसरा धडा मिळाला. सोयाबीन वीत-दीड वीत झालं, तण त्याच्याही वर. म्हटलं, पंजाला पाती लावून कोळपून घेऊ. शेतात ट्रॅक्टर घालायला गेले तर चाक ठेवायला जागाच नाही. भाड्याच्या सीडड्रिलने 12 इंचांवर ओळी टाकल्या होत्या, आमच्या मागच्या टायरची रुंदी आठ इंच. कसंही गेलं तरी दोन ओळी चिरडल्या जाणार. शेवटी बायका लावून खुरपणी केली. 38 रोज, 300 रुपयांनी 11,400 रुपये गेले.

त्यानंतर मी कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात गेले. खंडवा रोडवरच आहे, शेतावर जाता-येता रोज दिसायचं आणि वर्षानुवर्षं मी त्याला एखादी शाळा समजत होते. त्याच रस्त्यावर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही आहे, 1987 पासून. सोयाबीनची राजधानी म्हणतात त्या भागात राहून मी दोन्हीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. केंद्रातल्या बाईंनी माझी वही बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "दोन्ही मागच्या टायरांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर किती?" मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, मोजून या.

मोजलं. मध्यापासून मध्यापर्यंत 32 इंच, बाहेरून बाहेरपर्यंत 40. पुढच्या खेपेला त्यांनी कागदावर काढून दाखवलं आणि कोडं सुटलं. सोयाबीनच्या ओळी साधारण 45 सेंटिमीटरवर, म्हणजे 18 इंचांवर सांगतात. आमच्या 32 इंची चाकांना 16 इंच बरोबर बसतं: चार ओळी, दोन चाकांच्या आत आणि दोन बाहेर. चाकाच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच मोकळे. रिम उलटी बसवून चाकं लांब करता येतात, मग 18 इंचही जमतं, पण तसं केलं की बाहेरचं माप 44 होतं आणि रोटावेटर त्याहून रुंद घ्यावा लागतो. "सोलह में कोई नुकसान नहीं, पर जो तय करो उसी पर सब मशीन लेना," असं त्या म्हणाल्या. इतके दिवस मी एकेक अवजार सुटं सुटं बघत होते. टायर, पेरणी, कोळपणी आणि रोटावेटर ही चारही मापं एकमेकांत अडकलेली आहेत, हे मला त्या कागदावर दिसलं. तो कागद अजून फ्रिजवर लावलेला आहे.

आता सरकारी भाग. मध्य प्रदेशात ई-कृषी यंत्र अनुदान नावाचं पोर्टल आहे, कृषी अभियांत्रिकी संचालनालयाचं. महिला, लहान आणि सीमांत शेतकरी, अनुसूचित जाती-जमाती यांना 50 टक्क्यांपर्यंत, बाकीच्यांना 40 टक्क्यांपर्यंत; पण प्रत्येक यंत्राला कमाल रक्कम ठरलेली असते आणि दोन्हींत जे कमी ते मिळतं. जमीन सासूबाईंच्या नावावर, ट्रॅक्टरही आम्ही त्यांच्याच नावावर घेतला होता, तेव्हा अर्ज त्यांचा. वय 79. अर्जदार व्हायचं म्हणून त्या खूश होत्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कियोस्कवर गेलो. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, आधारला मामंजींचा नंबर जोडलेला होता आणि तो कधीच बंद झालेला. म्हणजे आधी आधार केंद्र. मोबाइल बदलायला कागदपत्र लागत नाही, फी 50 रुपये होती (1 ऑक्टोबर 2025 पासून 75 झाली), पण बोटांचे ठसे लागतात. आईंचे ठसे उमटेनात. मुलगा म्हणे, पुसून ठेवा; पुसून ठेवलं. म्हणे, दाबून ठेवा, दाबून ठेवलं. आईंनी हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "साठ वर्षं गहू निवडलाय रे बाबा, रेषा सुपात गेल्या." त्याला मराठी कळलं नाही, पण हसला. ओल्या रुमालाने बोटं जरा मऊ करून सातव्या-आठव्या खेपेला डाव्या हाताची दोन बोटं लागली. घरी वृद्ध माणसाच्या नावावर शेती असेल तर हे काम आधी उरकून घ्या, योजना उघडल्यावर धावाधाव करू नका. आम्हाला नवा नंबर जोडला जायला आठवडा लागला.

बाकी कागद म्हणजे आधार, खसरा आणि बी-1 (जमिनीचे इकडचे उतारे) यांची नक्कल, बँकेचं पासबुक आणि ट्रॅक्टरचं नोंदणीपत्र. शिवाय प्रत्येक यंत्रासाठी अनामत रकमेचा डीडी, जिल्ह्याच्या सहाय्यक कृषी यंत्र्यांच्या नावे. आम्ही रोटावेटर आणि सीडड्रिल दोन्हींसाठी अर्ज भरले, पाच हजारांचा एक डीडी आणि दोन हजारांचा दुसरा. रक्कम सूचनेत बघूनच काढा. आमच्या एका डीडीवर बँकेने पदनाम अर्धंच छापलं, ते मी स्कॅन करताना घरी बघितलं. दुसऱ्या दिवशी परत बँकेत, रद्द करून नवा, त्याचे वेगळे पैसे. काउंटरवरून हलण्याआधी डीडी मोठ्याने वाचा, लोकांनी बघितलं तरी चालेल.

मग लॉटरी. हो, लॉटरीच निघते. सप्टेंबरच्या मध्यावर निकाल लागला: सीडड्रिलला निवड, रोटावेटरला प्रतीक्षा यादी. प्रतीक्षा किती, हे कुणी सांगू शकत नाही. आणि मंजुरीच्या आधी विकत घेतलं तर अनुदान नाही, हे पक्कं. आमच्याकडे दीड बिघ्यात लसूण लावायचा होता. लसणाला रान भुसभुशीत हवं आणि ऑक्टोबरमध्ये ज्याला त्याला रोटावेटर हवा असतो, म्हणजे परत तेच, भावाचं आणि मेव्हण्याचं आधी. रोटावेटर डाव्या रकान्यातला. अनुदानाची आशा सोडून पूर्ण किमतीला घ्यायचा ठरवला. नवरा दोन दिवस गप्प होता.

यात एक बरं झालं. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने शेतीच्या यंत्रांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 केला, लागू 22 तारखेपासून. म्हणजे घटस्थापनेपासून. आम्ही दुकानं बघून ठेवली, दर लिहून आणले, पण बिल 22 नंतरच करायचं ठरवलं. मूळ किंमत 76,000. 12 टक्क्यांनी 85,120 पडला असता, 5 टक्क्यांनी 79,800 ला पडला. 5,320 रुपये फक्त थांबल्यामुळे वाचले. जूनमध्ये पंजावर जास्तीचा कर भरला होता, त्याचं तोंड जरा गोड झालं. तुम्ही कोटेशन घेताना मूळ किंमत आणि कर वेगवेगळे लिहून मागा. एका ठिकाणी मला "कर कमी झालाय ना" म्हटल्यावर मूळ किंमतच वाढवून सांगितली होती. नशीब, जुना कागद पर्समध्ये होता.

रोटावेटर बघायला आम्ही चार ठिकाणी गेलो. प्रत्येक ठिकाणी मी प्रश्न विचारायचे आणि उत्तर नवऱ्याला मिळायचं. तिसऱ्या दुकानात नवरा चहा प्यायला बाहेरच बसला, तेव्हा कुठे माझ्याशी बोलणं झालं. सगळीकडे चार किंवा पाच फुटी घ्या म्हणत. "दीदी, खींच लेगा, मक्खन की तरह चलेगा." मी विचारायचे, पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, किती एचपी येते? इंजिनाचे 24 असले तरी मागच्या शाफ्टला तेवढे मिळत नाहीत आणि रोटावेटर त्या शाफ्टवरच फिरतो. काळ्या मातीत फुटाला सहा-सात एचपी तरी धरावी, असं कृषी विज्ञान केंद्रात सांगितलं होतं. एका दुकानदाराने त्याच्या मोकळ्या प्लॉटवर चार फुटी लावून दाखवला. जमिनीत टेकवला की इंजिनाचा आवाज घोगरा व्हायचा आणि वर उचलला की पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग पोकळ लागायचं. चालला असता, पण ओढाताण करत. पुढे वजनं लावून ती थोडी कमी होते, एवढंच.

खालून मर्यादा टायरची. बाहेरून बाहेर 40 इंच. तीन फुटी म्हणजे 36 इंची घेतला तर टायरने दाबलेली माती दोन्ही कडांना तशीच राहते. साडेतीन फुटी म्हणजे 42 इंच. टायरच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच जास्त. तोच घेतला. पाती एल आकाराची, कारण आमच्याकडे काडीकचरा आणि तण असतं. बाजूचं ड्राइव्ह चेनचं की गिअरचं, हा दुसरा प्रश्न. चेनचा स्वस्त आणि हलका, पण चेन ताणत राहावी लागते. आम्ही गिअरचा घेतला.

27 सप्टेंबरला छोट्या टेम्पोतून आला. आणि इथे जे दोन प्रकार घडले, त्यांच्यासाठी तरी हा लेख वाचा. पहिला, गिअरबॉक्समध्ये तेल नव्हतं. नवं यंत्र, रंग चकाचक, आत कोरडं. पोचवायला आलेला मुलगा म्हणाला, "चलाओ, डला हुआ है." मी पातळी बघायचा बोल्ट उघडायला लावला, आत बोट घातलं तर कोरडंच. तसाच चालवला असता तर तासाभरात दाते गेले असते. 90 नंबरचं तेल सिमरोलहून आणलं आणि ओतलं.

दुसरा प्रकार शाफ्टचा. ट्रॅक्टर आणि रोटावेटर जोडणारा शाफ्ट दोन नळ्यांचा असतो, एकात एक सरकणारा. सोबत आलेला शाफ्ट मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा. रोटावेटर वर-खाली करताना एका उंचीवर दोन्ही टोकं सर्वांत जवळ येतात, तिथे नळ्या पूर्ण आत जाऊन ठोकर बसत होती. तसंच दामटलं तर ठोकर ट्रॅक्टरच्या आतल्या बेअरिंगला बसते. मेकॅनिक बोलावला. दोन्ही नळ्या शेजारी धरून खूण केली, सर्वांत जवळच्या स्थितीतही इंचभर जागा राहील आणि सर्वांत लांबच्या स्थितीत नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश राहतील, असं माप धरलं. दोन्ही नळ्या सारख्याच कापल्या, आणि वरचं प्लास्टिकचं कव्हरही. मेकॅनिक कव्हर काढून टाकत होता, "अडचण होते." मी नाही म्हटलं. मिनिटाला 540 फेरे फिरणारी ती दांडी, इकडे प्रत्येकाच्या गळ्यात गमछा. मी स्वतः ओढणी घरी ठेवून जाते. कापायचे 400 रुपये दिले. आणि रोटावेटर वर उचलण्याआधी पीटीओ बंद करायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. पहिल्या तीन तासांनंतर पात्यांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळले, 24 पात्यांपैकी पाचांचे ढिले निघाले.

खंडेनवमीला आईंनी माळ्यावरून मामंजींची तिफण काढायला लावली. लाकूड किडलेलं, एक नळी तुटलेली. तिच्याशेजारी रोटावेटर, पंजा आणि ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. रोटावेटरच्या पात्याला कुंकू लावताना आई पुटपुटल्या, "फार बारीक करू नकोस हो मातीला." केंद्रातल्या बाईंनी तेच सांगितलं होतं, जरा लांबण लावून: काळ्या मातीत रोटावेटरच्या दोन-दोन फेऱ्या मारल्या की वरची माती पीठ होते, पावसाने तिची पापडी धरते आणि खाली पात्यांच्या पातळीवर घट्ट थर बसतो. म्हणून आम्ही आधी पंजा आणि मग रोटावेटरची एकच फेरी, तीही फक्त लसणाच्या रानात केली. डिझेल तासाला चार लिटरच्या आसपास लागलं.

सीडड्रिलची खरेदी नोंदणी असलेल्या डीलरकडूनच करावी लागते, पैसे बँकेतून, रोख नाही. छोट्या ट्रॅक्टरचं मॉडेल कुणाकडे तयार नव्हतं, मोठी सगळ्यांकडे. पाच दात्यांचं हवं, आणि दाते फ्रेमवर सरकवता आले पाहिजेत, ही माझी अट. गव्हाला पाच दाते नऊ इंचांवर. सोयाबीनला एक काढून चार, 16 इंचांवर. म्हणजे चौथ्यापर्यंत फ्रेम 48 इंचांहून लांब हवी. एका ठिकाणी दाते वेल्ड केलेलेच दिसले. ते कितीही स्वस्त असलं तरी आमच्या कामाचं नव्हतं. शेवटी मिळालं ते मंजुरीच्या मुदतीत, दिवाळीच्या आठवडाभर आधी. अनुदान वजा जाता आमच्या खिशातून 26,000 गेले. मग पडताळणी. विभागाचा माणूस शेतावर आला, यंत्रावरचा नंबर तपासला आणि अर्जदारासकट फोटो हवा म्हणाला. अर्जदार राजेंद्रनगरात दुपारची झोप काढत होती. त्याला चहा, पोहे देऊन थांबवलं, नवरा गाडी घेऊन आईंना आणायला गेला. फोटोत आई सीडड्रिलवर हात ठेवून उभ्या आहेत, अगदी लग्नातल्यासारख्या. पडताळणीच्या आठवड्यात अर्जदाराला शेताजवळ ठेवा.

पेरणीआधी मापन. हे फार कमी जण करतात. गव्हाला हेक्टरी 100 किलो बी धरलं. सीडड्रिलचं चाक 38 सेंटिमीटर व्यासाचं, एका फेऱ्यात जवळजवळ 1.2 मीटर जातं. जॅकवर चाक उचलून हाताने 25 फेरे फिरवले, म्हणजे 30 मीटर. पाच ओळींची रुंदी 1.125 मीटर. गुणून साडेतेहेतीस-चौतीस चौरस मीटर, त्याला 337 ग्रॅम बी पडायला हवं. पाच नळ्यांखाली पाच पिशव्या बांधल्या आणि घरचा स्वयंपाकघरातला काटा नेला. पहिल्यांदा 410 ग्रॅम भरलं. बी कमी-जास्त करायची खिट्टी मागे घेतली, 355. अजून थोडी, 340. आणि पाच पिशव्या वेगवेगळ्या तोलल्या, सगळ्या साधारण सारख्या. खिट्टीवर लाल नेलपॉलिशने खूण केली आहे.

शेत ओलवून आठव्या दिवशी वाफसा आला. 15 नोव्हेंबरला सकाळी साडेसातला सुरू केलं, कुणाला फोन न करता. साडेतीन बिघे दोन दिवसांत झाले. आई बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर तीच लाल छत्री.

आतापर्यंतचा खर्च: पंजा 19,500, रोटावेटर 79,800, सीडड्रिल 26,000 आणि पंजाच्या फ्रेमवर लावायला लोहाराकडून करून घेतलेली तीन कोळप्याची पाती 2,800. एकूण 1,28,100. शाफ्ट, तेल आणि बँकेचं ते वेगळं. कोळप्याची परीक्षा पुढच्या जुलैत. रोटावेटरचा डीडी अजून परत यायचाय.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गहू चांगला उगवून आला होता. आई बांधावरून बघत होत्या. थोड्या वेळाने काठी उचलून म्हणाल्या, "ती ओळ कुठे गेली गं?" बघितलं तर खरंच, पश्चिमेच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओळ रिकामी. वळताना एका दात्याच्या तोंडात ओला चिखल बसला असणार आणि नळीत बी तुंबून राहिलं असणार. काळ्या नळ्यांतून मला मागे वळून काही दिसलंच नाही. आता पाचही नळ्या काढून पारदर्शक पाइप बसवले आहेत, 35 रुपये मीटरने.